पोटफुगीचं पान कुठं गेलं

डॉक्टरांची अट एकच होती. "उद्या मी नसलो, तुम्ही काम सोडलं, काहीही झालं, तरी मी लिहिलेलं उघडता आलं पाहिजे."

डॉक्टर म्हणजे जनावरांचे डॉक्टर, आता निवृत्त. जिल्ह्यातल्या कोरडवाहू तालुक्यांत नोकरी करता करता शेळ्यामेंढ्यांच्या आजारांवर त्यांनी वह्या भरल्या होत्या. त्या वह्यांची वेबसाइट करायची, मोबाइलवर उघडणारी, मराठीत, मेंढपाळांना फुकट वाचता येणारी. कुणीतरी त्यांना माझं नाव सांगितलं. मी सोलापुरात घरी बसून वेबसाइट करते. त्याआधी बरीच वर्षं टॉवेलच्या एका कारखान्यात मालाचे कॅटलॉग करायचे. आमचं घर विणकरांचं, घरात तेलुगू बोलतात, शेळीला मेका म्हणतात. त्यापलीकडे शेळीबद्दल मला काही ठाऊक नव्हतं.

त्यांच्या अटीला धरून मी डेटाबेस नसलेली पद्धत निवडली. यात एक पान म्हणजे एक फोल्डर आणि त्यात मजकुराची एक साधी फाइल. पानाच्या पोटात पान हवं असेल तर फोल्डरात फोल्डर करायचं. फोल्डरच्या नावाआधी आकडा घातला की पान त्या क्रमानं मेनूत दिसतं. आकडा नसला तर पान असतं, पण मेनूत दिसत नाही. आणि कुठलं फोल्डर कुणाच्या पोटात आहे त्यावरून पानाचा पत्ता आपोआप बनतो. मी डॉक्टरांना एक फाइल नोटपॅडमध्ये उघडून दाखवली. आपलंच वाक्य समोर, आजूबाजूला काही नाही. ते चष्मा वर करून म्हणाले, "एवढंच? मग हे तर वहीसारखंच झालं की."

मग त्यांनी रचना सांगितली. आधी जनावर, मग शरीरातली संस्था, मग अवयव, मग रोग, मग रोगाचा प्रकार. म्हणजे शेळी, तिच्यात पचनसंस्था, तिच्यात कोटीपोट, म्हणजे चारा साठवणारं पहिलं मोठं पोट, त्यात पोटफुगी, आणि पोटफुगीत फेसाची पोटफुगी. पाच पायऱ्या. मला ते फार आवडलं. टॉवेलचं असंच असायचं: प्रकार, विणकाम, आकार, रंग. मी महिनाभर बसून फोल्डरात फोल्डर रचत गेले. एका पानावर त्याच्या पोटातल्या पानांची यादी आपोआप यावी म्हणून कोडच्या दोन ओळी लिहिल्या, शेजारच्या पानांसाठी आणखी दोन. सगळं चपखल बसलं तेव्हा मी एकटीच खुर्चीत मागं रेलून हसले होते.

डॉक्टरांनी पोटफुगीच्या पानाची लिंक त्यांच्या मेंढपाळांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकली. पावसानंतर हिरवा चारा वाढला की पोटफुगी वाढते, म्हणून ते पान पहिलं. आठवड्यानं मला म्हणाले, "मॅडम, मंद्रूपचा बाजार आहे. चला, लोकांच्या हातात देऊन बघू."

बाजाराच्या कडेला लिंबाच्या सावलीत एक बाई दोन शेळ्या घेऊन उभ्या होत्या. डॉक्टर त्यांना वीस वर्षं ओळखत होते. पन्नाशीच्या, डोक्यावरचा पदर घट्ट खोचलेला, बोलायला मोकळ्या. मी त्यांना मावशी म्हणाले आणि माझा फोन त्यांच्या हातात दिला.

"समजा तुमच्या शेळीचं पोट फुगलंय, मावशी. यातनं शोधा."

त्यांनी 'शेळी'वर बोट ठेवलं. पुढं आठ शब्द आले. त्यांनी एकेक मोठ्यानं वाचला. शिकल्या होत्या चौथीपर्यंत, वाचन स्वच्छ होतं. "पचनसंस्था. श्वसनसंस्था. ह्या कंच्या संस्था? दुधाची संस्था आमच्याकडं बी हाय."

डॉक्टर हसले नाहीत. मी म्हणाले, "पचनसंस्था दाबा."

त्यांनी दाबलं. पुढं पुन्हा शब्दांची रांग. त्यातला एक दाबला तर आणखी एक रांग. मावशींनी मान वर केली. "ताई, हितं समदी दारंच हायती. घर कुटं हाय?"

आता त्यांना परत फिरायचं होतं. त्यांनी फोनचं मागं जायचं बटण दाबलं, एकदा, दोनदा, मग भराभर. साइट बंद होऊन माझ्या आईचा व्हॉट्सअ‍ॅप संदेश उघडला. त्यांनी फोन घाईनं माझ्या हातात दिला, जणू काही मोडलंच.

"तुमच्या ग्रुपवरची लिंक उघडली होती का?" डॉक्टरांनी विचारलं.

"व्हय, उघडली की. ते पान चांगलं हाय. पर त्ये वाचून झाल्यावर दुसरं काय बघायचं म्हणलं तर कुटनं जायचं त्ये कळंना. आपुन कुटं हाय त्येच कळंना."

परतीच्या वाटेवर डॉक्टर गाडी चालवत होते. मग म्हणाले, "शास्त्रात वर्गीकरण असंच असतं."  मला माझीच लाज वाटत होती. टॉवेल घेणाऱ्याला काय हवंय ते माहीत असतं, तो नाव घेऊन येतो. मावशींकडं नाव नव्हतं. त्यांच्याकडं नुसती शेळी होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टर करमाळ्याला लग्नाला गेले. मी कामाला लागले. दोन पायऱ्या काढून टाकायच्या असं मी ठरवलं. संस्था नको, अवयव नको, शेळीच्या पोटात सरळ रोग. डेटाबेस नसल्यानं ते सोपं होतं. पोटफुगीचं फोल्डर उचललं, वर आणून ठेवलं. एकामागून एक सगळी वर आणली, नवे आकडे घातले. मेनू आखूड झाला, पानं लवकर उघडायला लागली. मी खूश होऊन भाकरी आणि शेंगाचटणी घेऊन बसले.

तेवढ्यात फोन वाजला. अडचण आली तर म्हणून साइटच्या तळाशी मी माझा नंबर दिला होता.

"ताई, मी मंद्रूपची. काल बाजारात भेटलेली. त्ये पोटफुगीचं पान कुटं गेलं?"

"कुठं जाईल? आहे की."

"न्हाय. दाबलं की 'पान सापडलं नाही' येतंय. आन हितं शेळीचं पोट डाव्या अंगानं लई फुगलंय. दात खातीया. डॉक्टरसायेब फोन उचलंनात."

माझ्या हातातला घास तसाच राहिला. फोल्डर हलवलं की पत्ता बदलतो, हे मीच डॉक्टरांना समजावून सांगितलं होतं. ग्रुपवर गेलेली प्रत्येक लिंक जुन्या पत्त्याची होती. ती सगळी मी एका सकाळीत मोडून ठेवली होती.

आता नवा पत्ता पाठवायचा, त्यांनी तो शोधायचा, उघडायचा, वाचायचा. तेवढा वेळ कुणाला होता? मी संगणकावर ते फोल्डर उघडलं आणि आतली मजकुराची फाइलच समोर घेतली. "मावशी, फोन कानाला धरू नका. स्पीकर लावून खाली ठेवा. मी वाचते, तुम्ही करा."

"बोला."

"शेळीला चढावर उभी करा. पुढचे पाय वर, मागचे खाली."

"उंबऱ्यावर घितली. पुढं?"

"घरात गोडेतेल आहे? अर्धा पेला घ्या. तोंडाच्या बाजूनं थोडं थोडं पाजा. डोकं फार वर उचलू नका. ठसका लागला तर थांबा." फाइलमध्ये डॉक्टरांनी 'थांबा' या शब्दापुढं दोन उद्गारचिन्हं दिली होती. मी तो शब्द दोनदा वाचला.

पलीकडून नुसते आवाज. शेळीचं कण्हणं, भांड्याचा आवाज, मावशींचं पुटपुटणं, "पी माजे बाय, पी." मग त्या म्हणाल्या, "गेलं पोटात. पुढं वाचा."

"डावी कूस हातानं चोळत राहा. अर्ध्या तासात उतरलं नाही किंवा श्वास लागला, तर लगेच डॉक्टर बोलवा, वाट बघू नका."

त्यांच्याकडच्या सरकारी दवाखान्याचा नंबर पानाच्या शेवटी होता. तोही वाचला. त्यांनी तो भिंतीवर कोळशानं लिहून घेतला, असं नंतर कळलं. त्या फोन न ठेवता चोळत बसल्या आणि मी इकडे ताटासमोर बसून ऐकत राहिले. शेजारच्या यंत्रमागांचा खडखडाट चालू होता, म्हणून मी खिडकी लावून घेतली. बऱ्याच वेळानं तिकडून एक लांबलचक ढेकर ऐकू आली. शेळीची ढेकर मी जन्मात पहिल्यांदा ऐकली.

"उतरतंय!" मावशी ओरडल्या. "ताई, ऐकलं का? उतरतंय!"

मला रडू आलं. मी त्यांना खरं सांगून टाकलं, पान माझ्यामुळं हरवलं होतं.

"असूंदे की," त्या म्हणाल्या. "हुतं तर तुमच्याजवळच."

जेवण बाजूला सारून मी आधी जुन्या पत्त्यांची यादी केली आणि प्रत्येकापुढं नवा पत्ता लिहिला. जुन्या लिंकवर कुणी आलं तरी ते आपोआप नव्या जागी पोचावं. हे फोल्डर हलवायच्या आधी करायचं असतं. यादी संपली तेव्हा मी एकेक जुनी लिंक हातानं दाबून बघितली, एकही न सोडता. मग प्रत्येक पानाच्या डोक्यावर एक ओळ आणली: 'तुम्ही इथे आहात: शेळी › पोटफुगी'. त्यातल्या 'शेळी'वर बोट ठेवलं की एक पायरी मागं.

करमाळ्याहून आल्यावर डॉक्टरांना सगळं सांगितलं. ते रागावतील असं वाटलं होतं. त्यांनी नुसतं विचारलं, "वाचताना 'थांबा' नीट वाचलंस ना?" ते मला तू म्हणाले हे माझ्या लक्षात आलं, त्यांच्या नाही.

आठवड्याभरानं आम्ही दोघं मावशींच्या घरी गेलो. शेळी गोठ्यात चारा ओढत होती. मावशींनी ज्वारीची भाकरी, झुणका आणि ताकाचा तांब्या समोर ठेवला. जेवता जेवता मी डॉक्टरांच्या देखतच म्हणाले, "मावशी, रोगाची नावं सोडा. जनावर बिघडलं हे तुम्हाला कशावरनं कळतं?"

त्या विचारात पडल्या. मग बोटांवर मोजायला लागल्या. "डाव्या कुशीला फुगतंय. नाकातनं गळतंय. खातंय पर वाळतंय. लंगडतंय. पिल्लाला पाजंना. कळपात मागं ऱ्हातंय."

मी वहीत लिहीत होते. डॉक्टर मध्येच म्हणाले, "मागं राहणं हा काय रोग आहे का? शंभर कारणं असतात त्याला."

"रोग न्हाय की, सायेब. पर पयल्यांदा दिसतंय तेवढंच."

डॉक्टरांनी भाकरीचा तुकडा मोडला, झुणक्याला लावला आणि खाल्ला. मग मला म्हणाले, "लिही. मागं राहतंय. त्यात मी पाच शक्यता देतो, शंभर नको."

अडचण एकच होती. पोटफुगीचं फोल्डर एका वेळी एकाच फोल्डराच्या पोटात राहू शकतं. ते शेळीत ठेवू की 'काय दिसतंय' मध्ये? यावर मी दोन दिवस घालवले, एकदा तर नकला करून दोन्हीकडं ठेवायचा विचार आला, पण मग एका जागी दुरुस्ती केली की दुसरीकडं चूक राहणार. शेवटी फोल्डर होतं तिथंच ठेवलं आणि प्रत्येक फाइलच्या वरच्या भागात एक ओळ वाढवली: काय दिसतंय. पोटफुगीच्या फाइलमध्ये तिथं 'डाव्या कुशीला फुगतंय' लिहिलं. पहिल्या पानावर मावशींचे शब्द ओळीनं मांडले. त्यातला एक दाबला की ती खूण असलेली पानं, ती कुठल्याही फोल्डराच्या पोटात असोत, गोळा होऊन समोर येतात. डॉक्टरांची संस्था आणि अवयव फुकट गेले नाहीत. ते पानाच्या तळाशी आहेत, पशुवैद्यकाच्या विद्यार्थ्यांसाठी.

शुद्धलेखनावरून आमचं थोडं वाजलं. 'पाजंना' की 'पाजत नाही'? डॉक्टर प्रमाण भाषेवर ठाम होते. मी मावशींना फोन लावला. त्या म्हणाल्या, "शाळंत शिकल्यावानी लिव्हा की. वाचता येतंय आमाला." तेव्हा डॉक्टरांचं म्हणणं राहिलं.

आता जुन्या लिंकही चालतात आणि नव्याही. मावशींच्या गावातून फोन येतात, वेळापूरकडच्या एका मेंढपाळाचाही परवा आला. बहुतेकांना पान सापडलेलं असतं, त्यांना फक्त खात्री करून घ्यायची असते. मी शेळ्यांबद्दल अजून फारसं शिकलेले नाही, पण डाव्या आणि उजव्या कुशीतला फरक सांगू शकते. आईला हे कौतुकाचं वाटतं. ती शेजारणींना सांगते की माझी मुलगी फोनवरून मेका बऱ्या करते. मी दुरुस्ती करणं सोडून दिलंय.

डॉक्टर हल्ली स्वतःच फोल्डर करतात. परवा दुपारी त्यांचा फोन आला. उन्हाळ्यात पाणी किती वेळा पाजावं यावर त्यांनी नवं पान लिहिलं होतं आणि ते मेनूत दिसत नव्हतं.

"नावाआधी आकडा घातलात का?" मी विचारलं.

 कीबोर्डचा टकटक आवाज.

"आलं," ते म्हणाले. "पण हे शेळीत ठेवू की मेंढीत? तहान दोघींनाही लागते."

"मग वर घ्या, दोघींच्या वर."

"तसं चालतं?"

"चालतं की," मी म्हणाले, आणि त्यांनी ते वर घेईपर्यंत फोन धरून बसले.