मागचं बघितलं का?

वहिनींना दवाखान्यात शेवटचं भेटलो तेव्हा त्यांनी डोळे उघडले, माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, “भाऊजी, मागचं बघितलं का?” झालं! खाटेभोवतीच्या सगळ्यांचे डोळे भरून आले. निंबोल्याहून आलेला त्यांचा भाऊ म्हणाला, “बघा, अशा हालतीत पण ताईला मागं राहणाऱ्यांची फिकर.” मला एकट्यालाच माहीत होतं, की वहिनी गाडीच्या मागच्या ब्रेकचं विचारतायत. आणि मी, जन्मभर पोरांना खरं बोला म्हणून दटावणारा मास्तर, चक्क म्हणालो, “हो, बघितलं.” बघितलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या गेल्या... त्याला आता तीन आठवडे होतील.

माझे थोरले भाऊ, दादा, केळीच्या व्यापारात होते. ते अचानक गेले तेव्हा दारात गाडी उभी आणि घरात चालवणारं कुणी नाही. आमच्या बुधवारा पेठेतल्या भल्या माणसांनी ती विकायचा सल्ला दिला, गिऱ्हाईकही आणलं. पन्नाशीतल्या वहिनींनी त्याला चहा पाजला, वाटेला लावला आणि दुसऱ्या दिवसापासून गाडी शिकायला लागल्या. शिकल्या त्या अशा, की अमावस्येला गल्लीत सगळे आपापल्या गाड्यांना लिंबू-मिरची बांधायचे, तेव्हा या पदर खोचून, पाटावर बसून मागचं चाक काढायच्या. लोक हसायचे. “हसा हसा,” त्या म्हणायच्या, “लिंबू मी पण बांधते, पण आधी चाक काढून बघते!” आमच्या गाडीला मागेही डिस्क ब्रेक आहेत. चाक न काढता फटीतून टॉर्च मारला तर चकतीला दोन्ही बाजूंनी दाबणाऱ्या पॅडपैकी फक्त बाहेरची दिसते. चकतीच्या पलीकडची, आतली, कधीकधी आधी झिजते. “बाहेरची बघून खूश होता तुम्ही! आतली कोण बघणार, तुमचा काका?” पॅड भाकरीएवढी जाड असली तर चालू द्यायची, पापड झाला की बदलायची, हा त्यांचा हिशोब. यावरून माणसांबद्दल काहीतरी शहाणपण सांगायचा मोह मलाही होतोय, पण वहिनींनी पान्हा फेकून मारला असता.

सुनंदाचे, माझ्या बायकोचे, डोळे अधू झाले तेव्हापासून दर महिन्याला खंडव्याला नेऊन डोळ्यात इंजेक्शन द्यावं लागतं. ते चुकलं तर उरलीसुरली नजरही जाईल, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलंय. पट्टी बांधल्या डोळ्याने बसच्या गर्दीत, धुळीत कसं आणणार? वहिनी नेत होत्या. मी रिटायर झाल्यावर त्यांनी मलाही शिकवलं, पण मी चालवायचो ते त्या शेजारी बसल्या असल्या तरच. आता त्या नाहीत, आणि गुरुवारची तारीख समोर! मेकॅनिकने रस्त्यावरच वाकून पाहिलं आणि म्हणाला, “सर, टकाटक है.” माझं मन मानेना. मी मरणाऱ्या माणसाशी खोटं बोललो होतो हो... खंडव्याच्या वाटेवर, असीरगडच्या उतारावर ते खोटं आम्हा दोघांना महागात पडलं असतं.

मंगळवारी सकाळी पाट घेतला. पुढच्या चाकांना विटा लावल्या, सावधगिरी म्हणून हँडब्रेक करकचून ओढला, जॅक लावून मागचं चाक काढलं. चकती हाताने फिरवून बघायची, तर ती जागची हलेना. घाम फुटला. म्हटलं, जाम झालं सगळं, संपली गाडी! पायरीवर बसलेली सुनंदा म्हणाली, “अहो, हँडब्रेक ओढलाय का? वहिनी चाक काढायच्या आधी तो सोडायच्या. कट्ट करून आवाज यायचा. आज आला नाही.” जिला धड दिसत नाही ती सांगतेय, आणि मी डोळे फाडून बसलोय! हँडब्रेक सोडला, चकती फिरली. चकती झिजलीय का बघायला कडेवर नख फिरवलं, कुठे अडकलं नाही. बाहेरची पॅड ठीक होती. मग टॉर्च घेऊन आतली बघितली. पापड! पापडसुद्धा नाही, पापडाची कड. तिथेच, काळ्या हातांनी, मी रडलो. वहिनी गेल्या तेव्हाही असा रडलो नव्हतो.

मेकॅनिकला दाखवलं तर तो डोकं खाजवत म्हणाला, “अरे सर, अंदर से तो गई थी.” दोन्ही चाकांच्या पॅड बदलल्या. बुधवारी मी एकट्याने निंबोल्यापर्यंत जाऊन आलो, जागोजागी ब्रेक दाबून बघत. मागचे ट्रकवाले काय काय बोलले ते इथे लिहिता येणार नाही.

गुरुवारी निघालो. वाटेत मी बडबड करत होतो, सुनंदाला धीर यावा म्हणून. खरं तर मलाच यावा म्हणून. असीरगडचा उतार लागला. गिअर उतरवला, पाय अलगद ब्रेकवर ठेवला. गाडी लोण्यासारखी मंदावली. “बघ, कशी धरतेय,” मी म्हणालो. बघतो तर काय, मान खिडकीला टेकवून ती गाढ झोपलेली! मी चालवत असताना ती आजवर कधी डोळा मिटून बसली नव्हती. मग मीही तोंड बंद केलं. खंडव्याला दवाखान्याच्या दारात गाडी उभी करून हँडब्रेक ओढला, तशी ती जागी झाली, पदर सावरला आणि म्हणाली, “अगं बाई, आलं पण?”

वहिनींना ती दर महिन्याला याच जागी हेच म्हणायची.