सातवीतला निबंध

रविवारी दुपारी जेवून मी सतरंजीवर आडवी होते. डोळे जड होतात, झोप लागते न लागते तोच हात आपोआप शेजारच्या खाटेकडे जातो. दर दोन तासांनी दादाची कूस बदलावी लागायची, नाहीतर पाठीला जखमा व्हायच्या. शिरीषदादा जाऊन पाच महिने झाले, खाटही कोणाला तरी देऊन टाकली. हाताला ते कोणी सांगितलेलं नाही. मी चिडून हात अंगाखाली दाबून धरते.

"दोन वाजून गेले की," कोणीतरी म्हणतं.

दादा सायकलवर बसलाय. हिरवी सायकल, मोठ्या घंटीची. जन्मापासून ज्यानं कधी मान धरली नाही तो एक पाय टेकवून उभा आहे, आणि चक्क बोलतोय. एक्केचाळीस वर्षांत 'आ' आणि 'म्म'च्या पलीकडे काही निघालं नव्हतं त्याच्या तोंडून.

"एवढं बोलता येत होतं, तर आजवर काय मौनव्रत धरलं होतंस?" मी म्हणते.

"बस मागं, शुभे."

मी बसते. सायकल स्वयंपाकघरातून निघते, ओट्याला वळसा घालते आणि माझ्या शाळेच्या व्हरांड्यात येते. फरशी ओली आहे, चाक सारखं घसरतंय. सातवी ब. खिडकीतून पाटोळेबाई दिसतात, हातात वही. ती माझी आहे हे कळतं आणि मी मागून दादाचा सदरा ओढते.

"दादा, चल इथून."

"थांब की. ऐकू दे."

माझा भाऊ रोज पहाटे सायकलवरून दूध आणतो, बाई वाचतात. माझा भाऊ मला शाळेत सोडतो. सगळं मी रचलेलं. मैत्रिणींना कधी घरी आणलंच नव्हतं, त्यामुळे खपूनही गेलं. बाईंनी निबंध वर्गात वाचला. घरी पप्पांनी कौतुकानं वही उघडली आणि खाटेशेजारी बसून दादाला वाचून दाखवायला घेतला. अर्ध्यावर त्यांचा आवाज बारीक झाला, पण थांबले नाहीत. दादा छताकडे बघत होता. त्याला कळलं का, हे मी सव्वीस वर्षं स्वतःला विचारतेय.

"कळलं होतं तुला?"

"कान बरे होते की माझे."

"मग?"

"मग काय. राग आला. लई राग आला."

मी खिडकीकडे वळते. वर्गाच्या दारात आमच्या न्हाणीतली बादली आहे, बाई नाहीत, सायकलही नाही. दादा ओल्या फरशीवर पडलाय, पाय पूर्वीसारखे एकमेकांत अडकलेले.

"लाज वाटायची माझी?"

"वाटायची," मी म्हणते. "आणि तू झोपलास की तुझ्या पायांना तेल चोळत बसायचे, तेही खरंच आहे."

"ते पायांना ठाऊक हाय." तो डोळे मिटतो. "कूस बदल. पाठ जळतीय."

मी एक हात मानेखाली घालते, एक गुडघ्यांखाली. तो नेहमीइतकाच जड आहे. उचलताना त्याचं तोंड माझ्या डाव्या खांद्यावर येतं.

"परत लिही," तो कानाशी म्हणतो.

"काय लिहू? दादा, काय लिहू?"

"म्म," तो म्हणतो.

"शुभा, ऊठ, चहा ठेवलाय," आई दारातून म्हणते.

मी उताणी आहे. उशी कोरडी आहे, माझे ओठ कोरडे आहेत. कुर्त्याचा डावा खांदा तळहाताएवढा ओला झालाय, बोट लावलं तर चिकट लागतो. आई जवळ येते, बघते आणि पदराचं टोक पुढे करते. दादाची लाळ ती अशीच टिपायची, दिवसातून कितीदा तरी. मग पदर मध्येच थांबतो.

"आला होता?"

"हो."

"बोलला काही?"

"राग आला होता म्हणाला."

आई खाली बसते आणि त्या ओल्या जागेवर तळहात दाबून धरते. चहा उतू गेल्याचा वास येतो, तरी ती हात काढत नाही.