सूर्याआधीची तोडणी

तळेगावच्या स्टँडवर बाबांनी माझी बॅग बसमध्ये चढवली आणि उतरता उतरता म्हणाले, “वावर काई पळून नाई जात. सावलीतलं काम पाय.” आईने माझ्या ओढणीच्या टोकाला कांदा बांधला. “याच्यानं ऊन नाई लागत.”

गाव सुटलं ते एका गोळीमुळे. हृदयाचे ठोके नियमित राहावेत म्हणून ती रोज घ्यावी लागते. ती सुरू झाल्यापासून वांगी तोडायला गेले की तासाभरात चेहरा आणि हात भाजल्यासारखे लाल होत. आमचं घर भाजीपाल्यावर चालतं. वावरात न जाणारं माणूस आमच्याकडे पाहुणं. पुण्याच्या एका वृत्तपत्रात मुद्रितशोधकाची जागा मिळाली, ती घेतली.

आमचं तळेगाव पुण्याजवळचं नव्हे; बस दिवसभराची होती, जागा डाव्या खिडकीची. काच बंद होती. तरी संध्याकाळपर्यंत डावा गाल आणि हात सोलून निघाल्यासारखे दुखू लागले. पुण्यातल्या डॉक्टरांनी समजावलं : हा उष्णतेचा नव्हे, प्रकाशाचा परिणाम, तो काचेतूनही येतो. गोळी मनाने बंद करायची नाही, अंग झाकायचं.

आमच्याकडची माणसं वैशाखातल्या उन्हाला भितात आणि पौषातलं ऊन अंगावर घेतात. पहिल्या हिवाळ्यात घरी गेले तेव्हा आईने अंगणात तुरीच्या शेंगा सोलायला बसवलं. “पुसातलं ऊन हाये वं. औषिद हाये हे.” ऊन कोवळं होतं, मीही बसले. दोन तासांत हातांवर फोड आले.

आईने माझे हात उलटसुलट करून पाहिले. “मंग याले थंडी-गरमी काईच समजत नाई का?”

“नाही.”

पुढची दोन वर्षं मी जाड कापडाचे पूर्ण बाह्यांचे सदरे, रुंद काठाची टोपी आणि सनस्क्रीन यांची सवय केली. मग ऑफिसचं काम लॅपटॉपवर घरून होऊ लागलं आणि मी परतले. प्रश्न एकच उरला : वावरात मला जागा आहे का?

आमची तोडणी चहानंतर, ऊन वर आल्यावर सुरू व्हायची. परतले त्या रात्री जेवताना बाबा एवढंच म्हणाले, “उद्यापासून पोरीच्या येळेनं तोडनी.” दुसऱ्या दिवशी झुंजूमुंजू होताच बाबा, आई, भाऊ, वहिनी सगळे वांग्यांच्या ओळीत होते. टोपी, रुमाल, हातमोजे घालून मी त्यांच्यामागून निघाले तेव्हा शेजारच्या काकूंनी हाक मारली, “काऊन वं, कोनाच्या घरी डाका टाकाले चालली?”

“तुमच्याच, काकू. दार उघडं ठेवजा.”

आता बाजारात आमची वांगी सगळ्यांच्या आधी पोचतात. काकूंच्या घरचेही लवकर उठू लागले आहेत.

गाव सोडून गेलेल्या प्रत्येकाची घराची व्याख्या वेगळी असेल. माझी अशी : जिथे चार माणसांनी माझ्यासाठी आपला दिवस अलीकडे ओढला, ते घर. परवा बारा क्रेट भरले, त्यांतले चार मी. सूर्य बांधावर आला तेव्हा मी ओसरीवर बसून चहा पीत होते.