द्राक्षांना नमस्कार

माझा धंदा बुडवायची ताकद अख्ख्या कॅलिफोर्नियात एकाच माणसात होती, आणि त्याला मी स्वतःच गाडीत बसवून नेत असे. हे आमच्या क्युपर्टिनोच्या शेजारणीचे वडील, नागपूरच्या पाणीपुरवठा खात्यातून निवृत्त झालेले काका. मुलीकडे आले की त्यांना करमत नसे, म्हणून माझ्या व्हॅनमध्ये पुढच्या सीटवर येऊन बसत. मी युरोपातल्या प्रवाशांना सोन्याच्या खाणींची ओसाड गावं आणि हंगामातले वाइन महोत्सव दाखवतो. एका जुन्या व्हॅनवर सगळं उभं केलंय. वाइनरीवाल्यांशी माझी घासाघीस पार्किंगपर्यंत ऐकू जाते. काका मात्र वाइनला शिवत नसत. बाटलीतलं ताक पीत आणि दिसेल त्या जुन्या वस्तूपाशी गाडी थांबवायला लावत. एका गावात दगडी तुरुंग दिसला, तर कोठडीत शिरून दार ओढून घेतलं आणि आतून म्हणाले, "हवा चांगली खेळते हो!"

एकदा गाडीत बेल्जियमच्या पर्यटन कंपनीची बाई होती. पुढच्या हंगामाचे सगळे गट मला द्यायचे की नाही, हे ती ठरवणार होती. द्राक्षं तुडवण्याचा कार्यक्रम गाठायचा होता, आणि काकांना माळावर वाफेच्या इंजिनांसाठीची जुनी लाकडी पाण्याची टाकी दिसली.

"काका, ऑलरेडी लेट झालोय!"

"काहून ओरडतो बाबू? द्राक्षं पळून चालली का?"

टाकीचा एकेक लोखंडी पट्टा सगळ्यांना समजावल्यावरच ते हलले. महोत्सवात पोचलो, पाहुण्यांनी मोजे काढले, तर काका द्राक्षांच्या पिंपापुढे आडवे आले. "अन्नाला पाय लावता? निदान आधी नमस्कार करा!" हे इंग्रजीत बजावून त्यांनी द्राक्षांना हात लावला, कपाळाला लावला. मग ते सगळे गोरे लोक अनवाणी, रांगेने, तसंच वाकले. वाइनरीचा मालक आ वासून बघत राहिला. मी मनात म्हटलं, संपलं, गेले सगळे गट.

बाई जवळ आली. "माझ्या आजोबांचा मळा होता. आमच्याकडे असं कधी कुणी केलं नाही," ती हळूच म्हणाली. "हा नमस्कार सहलीत ठेवा, ती टाकीपण ठेवा. हे गृहस्थ दर वेळी असतात ना?"

"अर्थात!" मी ठोकून दिलं.

काका त्याच महिन्यात नागपूरला गेले, ते परत आलेच नाहीत. धंदा मी उभा केला, आणि पाहुणे उतरल्या उतरल्या विचारतात, ते म्हातारे गृहस्थ कुठायत? परवा फोनवर मी चांगलाच तडकलो. "तुमच्यामुळे मी खोटा पडतोय, या ना!"

"आता विमानात गुडघे दुमडत नाहीत रे बाबू," काका म्हणाले. "टाकी आहे ना पण?"

आहे. मी तिथे गाडी थांबवतो, पट्ट्यांची माहिती रागारागाने सांगतो आणि पिंपापुढे सगळ्यांच्या आधी वाकतो. फक्त पुढची सीट कुणी मागितली, की माझं भांडण होतं.