उतरवून घेतलेल्यांची खोली

आधीच सांगून ठेवते. मी फार्मासिस्ट आहे, मानेवाड्याला माझं औषधांचं दुकान आहे, आणि अंगात येणं, बाधा होणं असल्या गोष्टी घेऊन येणाऱ्या बायकांना मी आजवर सरळ डॉक्टरकडे पाठवत आलेय. तेव्हा "ताई, कोंदट हवेनं झालं असेल" किंवा "मास हिस्टेरिया" असं खाली लिहायचं असेल तर लिहू नका. ते सगळं मी स्वतःला सांगून झालंय... पटलं नाही.

गोष्ट याच वर्षीच्या फेब्रुवारीतली. रविवार, भर दुपार, बाहेर लख्ख ऊन. माझ्या भाचीचं, सायलीचं, लग्न ठरलं होतं. मुलगा मिहानमधल्या एका कंपनीत नोकरीला, घरची शेती भिवापूरला. हल्ली लग्नाआधी फोटोशूट करतात ना, त्यासाठी फोटोवाल्यानं महाल भागात, गांधीगेटच्या आत असलेला एक जुना राजवाडा सुचवला. नाव देत नाही. तिथे अजून माणसं राहतात, त्यांना त्रास नको.

जागा बघायला आम्ही चौघी गेलो. सायली, तिची आई म्हणजे माझी मोठी बहीण वैशालीताई, सायलीच्या होणाऱ्या सासूबाई कुंदाताई, आणि मी. नवरामुलगा खाली अंगणात चहा पीत बसला.

खरं सांगते, ताई आणि कुंदाताई त्या दिवशी एकमेकींशी धड बोलतही नव्हत्या. फोटोत सायलीनं कोणाकडचा हार घालायचा यावरून आदल्या दिवशी फोनवर वाजलं होतं. ताईचं म्हणणं आमच्या आईची जुनी पुतळ्यांची माळ. कुंदाताईंचं म्हणणं त्यांनी नवीन केलेला राणीहार. सायली बिचारी दोन्ही घालून आली होती! ती पोरगी अशीच. ऑटोवाल्यानं जास्त पैसे मागितले तरी त्यालाच सॉरी म्हणेल.

फोटोवाला चुणचुणीत, तिशीतला. जिना चढता चढता इतिहास सांगत होता, तोही रील बनवल्यासारखा. "राजे गेले, वारस नाही, इंग्रजांनी राज्य खालसा केलं. खजिना गेला, हत्ती-घोडे गेले, सगळ्याचा लिलाव! मग राण्यांनी पण गपचूप दागिने काढून दिले. द एंड!" आणि हसला.

मला तेव्हाच राग आला होता. पण तो साधा राग, माझा स्वतःचा. पुढे जे झालं ते वेगळं होतं.

वरच्या मजल्यावर जनानखान्याची एक लांबट खोली. तीन खिडक्या, उघड्या. खाली चुन्याची जमीन, भिंतींना नवा पिवळा रंग. वास नाही, गारठा नाही, काही नाही. फोटोवाल्यानं भाड्याच्या दागिन्यांचा डबा उघडला आणि सायलीला म्हणाला, "मॅडम, हे अंगावरचं सगळं काढा. कॅमेऱ्यात खरं सोनं उठून दिसत नाही. थांबा, हुक मीच काढतो." आणि त्यानं तिच्या मानेकडे हात नेला.

आणि माझ्या दोन्ही तळव्यांतून काहीतरी उकळत वर चढलं. दुसरा शब्द नाही माझ्याकडे. दात इतके घट्ट आवळले गेले की कानशिलं दुखायला लागली. त्या पोराला मी खिडकीतून खाली फेकू शकले असते—आणि मला त्यात काही वावगंही वाटलं नसतं.

सायली म्हणाली, "हात मागे घे."

आवाज तिचाच होता. घोगरा नाही, बदललेला नाही. म्हणून तर जास्त अंगावर आलं.

तो हसला. "अरे मॅडम, मी फक्त—"

"अंगावरचं आहे हे आमच्या. सरकारजमा नाही."

सरकारजमा! कॉम्प्युटर शिकलेली पोरगी. मराठी मेसेजसुद्धा इंग्रजी अक्षरांत लिहिते. नंतर तिला विचारलं तर तिला त्या शब्दाचा अर्थही नीट सांगता येईना.

कुंदाताई पुढे झाल्या. "काहून बे, पोरीच्या गळ्याले हात काहून लावून राहिला? तुले दिले का कोणी हे?" आणि तो डबा त्यांनी हाताच्या फटकाऱ्यानं खाली उडवला. ताई त्यांच्या बाजूला जाऊन उभी राहिली. मीही. कोणी कोणाला सांगितलं नव्हतं, पण बघते तर आम्ही तिघी खांद्याला खांदा लावून उभ्या आणि सायली आमच्या मागे, भिंतीशी.

ताई, जी दूधवाल्याशीही हळू बोलते, ती ओरडली, "एकीलेही हात लावून दाखव!"

एकीलेही. तिथे हात तर एकट्या सायलीलाच लागत होता ना?

तो पोरगा पांढराफटक पडला आणि ओरडत जिन्यावरून पळाला.

त्याच्या ओरडण्यानं घरातल्या बाईसाहेब वर आल्या. सत्तरीच्या पुढच्या, काठी टेकत. आमच्याकडे एकदा बघितलं आणि आमच्यावर नाही, मागे उभ्या असलेल्या पुतण्यावर भडकल्या. "ही खोली काहून उघडली? बंद ठेव म्हटलं होतं ना तुला?"

खाली त्यांच्या दिवाणखान्यात पाणी प्यायलो. मी विचारलं, "बाईसाहेब, त्या खोलीत काय झालं होतं?"

"पुस्तकात एका ओळीत लिहितात, दागिने जप्त झाले," त्या म्हणाल्या. "दागिने काय फडताळात होते? बायकांच्या अंगावर होते. त्या खोलीत उभं केलं सगळ्यांना. ज्यांनी दिले नाहीत, त्यांचे हात धरून ओढून काढले. माझ्या सासूबाईंना त्यांच्या सासूबाईंनी सांगितलं. आम्ही कोणाला सांगत नाही."

"कोणी दिसतं का तिथं?"

"दिसत नाही. कोणतीही बाई तिथं गेली की तिला नुसता राग येतो. पुरुषांना काही होत नाही, म्हणून त्यांना पटत नाही. भाड्यानं देतात."

शूट रद्द झालं. लग्न भिवापूरला, घराच्या मांडवात झालं. सायलीनं जे तिला आवडलं ते घातलं, कोणी ब्र काढला नाही. ताई आणि कुंदाताई आता रोज फोनवर असतात, आणि मला वाटतं त्या दिवसाबद्दल एकमेकींशीच बोलतात. मी एकदा कामाच्या दिवशी बाईसाहेबांना विचारून एकटी त्या खोलीत जाऊन आले. पारवे घुमत होते. काही झालं नाही. उगाच चिडून परत आले.

आता जे मला सुटत नाही ते.

त्या संध्याकाळी घरी साबण लावताना माझी मनगटं दुखली. दोन्ही मनगटांवर काळेनिळे वळ. ताईला फोन केला, तिलाही. सायलीलाही. बांगड्या रुतल्या असतील म्हणाल, तर मी एका हातात घड्याळ घालते, दुसरा मोकळा. आणि कुंदाताई, यजमान गेल्यापासून, हातात काहीच घालत नाहीत. त्यांचे वळ सगळ्यात गडद होते.

दुसऱ्या दिवशी मी माझ्या ओळखीच्या डॉक्टरीणबाईंकडे गेले. त्यांनी माझा हात उजेडात फिरवून बघितला. एका बाजूला अंगठ्याचा ठसा, दुसऱ्या बाजूला बोटांचे. पंजा चांगलाच मोठा. त्यांनी उठून केबिनचं दार लावून घेतलं, खुर्ची माझ्याजवळ ओढली आणि हळूच विचारलं,

"घरी सगळं ठीक आहे ना? कोणी धरलं होतं हात?"

मी म्हटलं, माहीत नाही. आजही कोणी विचारलं तर माझ्याकडे तेवढंच उत्तर आहे.