नोक्वांदाची पेटी

बुटांच्या कारखान्यात सव्वीस वर्षं तळ शिवून मासिबिया घरी बसली, म्हणजे बसलीच नाही. इम्बाली वस्तीत तेव्हा साथीच्या आजाराने दर शनिवारी कुणाची ना कुणाची आई पुरली जात होती. चर्चमागच्या गंजक्या कंटेनरमध्ये मासिबियाने चूल मांडली. ज्यांचं कुणी उरलं नव्हतं अशा पोरांना शाळा सुटली की ती मका-घेवडा वाढायची आणि वाढता वाढता रागवायची. ऊन असो, पाऊस असो, हातात काळी छत्री. ती रोखून बोलायला लागली की सरकारी कारकूनसुद्धा सावरून बसत.

आजारी आयांना ती पेटी करायला शिकवी. बुटांचं खोकं, त्यात फोटो, गळ्यातले मणी, लेकरासाठी चार ओळी. पहिल्याच वर्षी एका घरी मातीहून परतलेल्या नातेवाइकांनी टीव्ही नेला, ब्लँकेटं नेली आणि जाता जाता पेटीही रिकामी केली. तेव्हापासून मासिबिया प्रत्येक पोराकडून घोकून घेई, "कुणाला उघडू द्यायची नाही. मामाला नाही, पाद्रीबाबांना नाही, मलासुद्धा नाही. मोठं झाल्यावर आपणच उघडायची."

नऊ वर्षांच्या नोक्वांदाची आई जाऊन सात महिने झाले होते. पोर शेजारच्या गोगो शांगेकडे, म्हणजे शांगे आजीकडे राहत होती, सुखाने राहत होती. पण कायमचं तिथे ठेवायचं तर कोर्टात जन्मदाखला हवा. शुक्रवारी तीनच्या आत तो आला नाही, तर पोरीची रवानगी शहरातल्या अनाथाश्रमात.

नव्या दाखल्यासाठी मासिबियाने पाच खेटे घातले. कधी कॉम्प्युटर बंद, कधी साहेब जेवायला. पाचव्या खेपेला कारकून म्हणाला, "आईला घेऊन या."

मासिबियाने मृत्यूचा दाखला त्याच्या नाकासमोर धरला. "वाचता येतं ना रे तुला?"

जुना जन्मदाखला नोक्वांदाच्या आईने करून ठेवलेल्या पेटीतच असणार, हे तिला सोमवारीच कळलं होतं. सोमवारपासून ती मागत होती आणि नोक्वांदा नाही म्हणत होती. शुक्रवार उजाडला, दुपारचे दोन वाजले, तरी गोगोच्या घरी तेच चालू होतं.

"उघड ती पेटी!"

"नाही मा. तुम्हीच सांगितलं होतं."

"मीच सांगितलं, आता मीच सांगतेय, उघड!"

"तुम्ही म्हणाला होतात, मलासुद्धा नाही."

गोगो शांगेला हसू फुटलं.

"हसा, हसा! उद्या हिला घेऊन जातील, तेव्हा बसा हसत."

मासिबिया थांबेना. हट्टी, अडाणी, डोकं फिरलेली, तोंडाला येईल ते ती बोलली. पोर पेटी पोटाशी धरून बसली होती. हिसकावणं काही अवघड नव्हतं. मासिबियाचा हात पुढे गेलाही, आणि तिला ते टीव्ही नेणारे नातेवाईक आठवले. ती पालथ्या बादलीवर मटकन बसली. कारकुनाचा, देवाचा आणि सगळ्यांत जास्त स्वतःचा तिला इतका संताप आला की डोळ्यांतून पाणी आलं.

"माझं शिकवणं चुकलं गं," ती म्हणाली. "मी हात लावत नाही. तू उघड, मी पाठ करून बसते."

नोक्वांदाने जरा विचार केला. "मी मोठी झाले का?"

"आज तीन वाजेपर्यंत झालीस."

पेटीची नाडी सुटल्याचा आवाज आला. मग खांद्यावरून एक पाकीट पुढे आलं. वर मासिबियाचंच नाव होतं. आत दाखला, आणि त्याला टाचलेली नोक्वांदाच्या आईची चिठ्ठी: *मा, हा लगेच लागेल. पोर पेटी उघडायला तयार होणार नाही. तिच्यावर ओरडू नका. तुम्ही शिकवलेलं ती विसरत नाही.*

मासिबियाने चिठ्ठी दोनदा वाचली. आठवडाभर ती ओरडतच होती.

नोक्वांदाने तोवर पेटीची नाडी पुन्हा आवळून बांधली होती. "बाकीचं खरंच मोठी झाल्यावर," असं म्हणत तिने छत्री मासिबियाच्या हातात दिली. "चला मा, तीन वाजतील."