माउसवर चालणारं हॉटेल

आमचे हे भिलाईच्या स्टील प्लांटमधून रिटायर झाले, त्या दिवशी त्यांच्या डिपार्टमेंटच्या लोकांनी त्यांना हार घातले, शाल दिली, नारळ दिला आणि गाडीत बसवून दारापर्यंत आणून सोडलं. मी ओवाळलं. आलेल्या लोकांना आलूबोंडे तळून दिले, चहा दिला. सगळे गेल्यावर हे खुर्चीत टेकले आणि म्हणाले, "चला, आपली ड्यूटी संपली." मी तेव्हा कप विसळत होते.

लग्नानंतरची बत्तीस वर्षं मी त्यांच्या शिफ्टवर जगले. ए शिफ्ट असली की पहाटे साडेचारला डबा. बी शिफ्ट असली की दुपारी एकच्या आत ताट. सी शिफ्ट असली की दिवसभर घरात चिडीचूप, कारण ते झोपलेले. ते मिलमध्ये क्रेन चालवायचे. त्यांना एका वेळी एकच शिफ्ट असायची. मला तिन्ही.

प्लांटचं सेक्टरमधलं क्वार्टर सोडून आम्ही भिलाईतच जुनवानीत आमच्या छोट्या घरात राहायला आलो. आमची एकुलती एक मुलगी त्याआधीच नोकरीसाठी हैदराबादला गेली होती. तिचा कॉलेजातला मोठा कम्प्युटर इकडेच राहिला. समोरच्या खोलीत टेबलावर त्याला मी जुन्या साडीचं कव्हर घालून ठेवलं होतं. एका दुपारी धूळ पुसता पुसता बटण दाबलं गेलं आणि तो सुरू झाला. बंद कसा करायचा ते मला ठाऊक नव्हतं. मुलीला फोन लावला.

ती हसली. म्हणाली, "आई, बंद कावून करते? त्याच्यात गेम आहेत. खेल के देख ना."

तिनंच फोनवरून सांगून सांगून पहिला गेम लावून दिला. एक हॉटेल होतं. गिऱ्हाइकं दारातून येतात, त्यांना टेबलावर बसवायचं, ऑर्डर घ्यायची, किचनची घंटी वाजली की थाळी आणायची, नंतर टेबल पुसायचं. प्रत्येकाच्या डोक्यावर पत्त्यांतल्यासारखे पाच लाल बदाम. उशीर झाला की एकेक बदाम विझतो, आणि सगळे विझले की माणूस पाय आपटत निघून जातो. पहिल्या दिवशी माझी सगळी गिऱ्हाइकं पाय आपटत गेली. माउस टेबलाच्या काठावरून खाली पडायचा आणि मी त्याच्या मागे खाली वाकायची.

चौथ्या दिवशी मी पहिली लेव्हल पार केली. हॉटेलच्या दारावर 'बंद' अशा अर्थाची पाटी फिरली, दिवे मालवले, आणि त्या मालकिणीनं कमरेला बांधलेला एप्रन काढून खुंटीवर टांगला. मी कितीतरी वेळ त्या खुंटीकडे पाहत राहिले. दिवसाचं काम संपलं म्हणजे काय, हे मी पहिल्यांदाच पाहत होते.

तेव्हापासून दुपारची भांडी झाली की तीन ते चार मी कम्प्युटरवर बसू लागले. हॉटेलाचा कंटाळा आला की रंगीत मणी जुळवायचा दुसरा गेम होता. तीन सारखे मणी एका ओळीत आले की फुटतात आणि वरचे खाली घरंगळतात. त्या तासात माझ्या डोक्यात ना उद्याची भाजी असायची, ना गुडघा, ना हैदराबाद.

ह्यांना गंमत वाटायची. मागे उभं राहून म्हणायचे, "घरी रांधाचा कंटाळा येते म्हणते, अन् इथं लोकायले जेवू घालून राहिली!"

"इथले लोक जेवून घरी जातात," मी म्हणायची.

ते हसायचे. खरंच चिडले असते तर मी तेव्हाच बंद केलं असतं. तेव्हाची मी तशीच होते.

मग पावसाळा संपता संपता माझे थोरले दीर मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी आमच्याकडे राहायला आले. आमच्याकडे थोरल्या दिराला भासरे म्हणतात. तुमसरजवळ त्यांची शेती. हे लहान असताना वडील गेले, तेव्हा या भावानंच ह्यांना शिकवलं आणि भिलाईला आणून नोकरीला लावलं. त्यामुळे ह्यांच्यासाठी त्यांचा शब्द म्हणजे शेवटचा शब्द. भासऱ्यांसमोर मी बत्तीस वर्षं डोक्यावर पदर घेत आले. ते माझ्याशी थेट बोलत नसत, मीही त्यांच्याशी बोलत नसे. मला काही सांगायचं असलं तर ते भावाला म्हणत, "तिले सांग." मी शेजारीच उभी असायची.

ऑपरेशन नीट झालं. डोळ्यावर पट्टी बांधलेली, टीव्ही पाहायचा नाही, वाकायचं नाही. दिवसभर ते आतल्या खोलीत पडून असायचे आणि त्यांचे कान जागे असायचे. तिसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी ह्यांना हाक मारली.

"घंटी कायची वाजून राहिली?"

"ते कम्प्युटर आहे, दादा. ती खेळते जराशी."

"कोण?"

ह्यांनी माझं नाव घेतलं नाही. पण त्या दोघांशिवाय घरात मीच होते.

"ज्या घरची बाई दिवसाढवळ्या लेकरावानी खेळत बसते, त्या घराले काय म्हणाव?" भासरे म्हणाले. "तिले सांग, बंद कर म्हणा. चांगलं दिसत नाही."

मी सगळं ऐकत होते. गिऱ्हाइकं दारात ताटकळत होती. मी उठून कम्प्युटर बंद केला आणि चहा ठेवायला गेले.

दुसऱ्या दिवशी दुपारी टेबलापाशी गेले तर कीबोर्ड जागेवर नव्हता. ह्यांनी काढून ठेवला होता. आता ते पेपर तोंडासमोर धरून बसले होते. संध्याकाळी चादर काढायला दिवाण उघडला तर आत गाद्यांखाली तो सापडला. मी चादर घेतली आणि दिवाण बंद केला. चोरून ठेवलेली वस्तू चोरून परत काढायची, एवढं लहान मला व्हायचं नव्हतं.

पण मला एक गोष्ट माहीत होती आणि ह्यांना नव्हती. तो गेम खेळायला कीबोर्ड लागतच नाही. नुसता माउस पुरतो.

मी स्पीकरची वायर काढली आणि दुसऱ्या दिवशी तीन वाजता बसले. हे त्या वेळी जेवून लवंडलेले असायचे, भासरे आत. आठ दिवस मी असं आवाज न करता हॉटेल चालवलं. याच आठ दिवसांत मी सर्वांत जास्त लेव्हल पार केल्या. पण खरं सांगते, त्यात पूर्वीचा आनंद नव्हता. कुठं पाऊल वाजलं की माझा हात थांबायचा. माझ्याच घरात, माझं सगळं काम संपवून, मी एखादं पाप करत असल्यासारखी बसले होते. त्याचा राग हळूहळू जमत गेला. आधी तो भासऱ्यांवर होता, मग ह्यांच्यावर आला, आणि शेवटी स्वतःवर.

नवव्या दिवशी भासऱ्यांची पट्टी निघालेली होती. काळा चष्मा लावून ते पाणी प्यायला बाहेर आले आणि माझ्या मागे येऊन थांबले. मला चाहूल लागली. मी उठले नाही. हातातली लेव्हल पुरी केली, मगच वळले.

तोवर त्यांनी ह्यांना उठवलं होतं. "ये, पाह्य इकडं. तू म्हणे, बंद केलं. तिले इचार, हे काय चालून राहिलं म्हणा."

हे झोपेतून उठून आले. टेबलाकडे पाहिलं, कीबोर्ड नाही तरी पडद्यावर हॉटेल चालू. ते चक्रावून गेले. "अवं, हे चाललं कसं?"

मी उभी राहिले. पदर खांद्यावर घसरला होता. तो डोक्यावर घ्यायला हात उठला आणि अर्ध्यात मीच तो खाली आणला.

"भाऊजी," मी म्हटलं, "ह्यायले कावून विचारता? मले विचारा. मी इथंच उभी आहे."

बत्तीस वर्षांतलं हे माझं त्यांच्याशी पहिलं वाक्य.

हे म्हणाले, "तू आत जा."

"नाही जात. तुमाले जेवण वेळेवर भेटलं का नाही? भाऊजींचं औषध एकदा तरी चुकलं? डोळ्यात थेंब दिवसातून चार वेळा कोण टाकून राहिलं? तुमाले रिटायर केलं, हार घातले, घरी आणून सोडलं. मले कोणी कधी रिटायर करणार आहे का, ते सांगा. मी हारबी नाही मागत. तीन ते चार मी ड्यूटीवर नाही, एवढंच सांगून राहिली. त्या वेळात मी खेळीन, झोपीन, नाही तं भिंतीकडं पाहत बसीन. कोणाले चहा पाहिजे असन तं गॅस तिथं आहे."

"लोकं काय म्हणतीन?" हे हळूच म्हणाले.

"म्हणू द्या. अन् तो कीबोर्ड दिवाणात आहे, मले पहिल्या दिवसापासून माहीत आहे. ज्यानं ठेवला त्यानंच काढावा."

भासऱ्यांच्या काळ्या चष्म्यामागचं मला काही दिसत नव्हतं. शेवटी ते वळले आणि जाता जाता भावाला म्हणाले, "हिले बोलता येते, माहीत नव्हतं."

तो टोमणा होता की आश्चर्य, मला आजही सांगता येत नाही.

त्या दिवशी चार वाजेपर्यंत मी खुर्ची सोडली नाही. पडद्यावरचं एकही गिऱ्हाईक नीट दिसत नव्हतं, डोळे भरून येत होते, सगळे पाय आपटून निघून गेले. पण मी उठले नाही. किचनमध्ये भांडी पडल्याचा आवाज आला. दूध उतू गेल्याचा वास आला. मग हे तीन कप घेऊन बाहेर आले. चहात साखर इतकी होती की ओठ चिकटत होते. एक कप त्यांनी माझ्या टेबलावर ठेवला, एक आत भावाला नेऊन दिला. कीबोर्ड मात्र दोन दिवसांनी आला, मी आंघोळीला गेलेली असताना. त्यावरची धूळसुद्धा पुसलेली होती.

भासरे पुढच्या तपासणीपर्यंत राहिले. माझ्या हातचं जेवले, थेंब टाकून घेतले, पण माझ्याशी बोलले नाहीत आणि भावाच्या मार्फतही काही सांगितलं नाही. गावी जाताना मी नेहमीसारखी पाया पडले. ते "हं" म्हणाले. मी माफी मागितली नाही. कशाची मागायची?

मुलीला ही हकीकत कळली तेव्हा ती खूश झाली आणि लगेच तिनं फोनवर काहीतरी लिहिलेलं पाठवलं. असे गेम खेळल्यानं म्हातारपणी विसरायला होत नाही, मेंदू तल्लख राहतो, असं त्यात होतं. हे तर एकदम निवांत झाले. शेजारपाजारी कोणी विचारलं की सांगायचे, "डोक्यासाठी चांगलं असते म्हणते. एक्सरसाइज आहे."

काही दिवस मी ऐकून घेतलं. मग एकदा चारचौघांत म्हटलं, "डोक्यासाठी नाही. मले मजा येते म्हणून खेळते."

हे ओशाळले. पण मला ते औषधाचं लेबल नको होतं. ते स्वतः संध्याकाळी चौकात पत्ते कुटतात, त्याला कोणी कारण विचारत नाही. मग माझ्याच एका तासाला डॉक्टरची चिठ्ठी कशाला हवी?

गावी मात्र भासऱ्यांनी सांगायचं ते सांगितलं होतंच. गेल्या हिवाळ्यात ह्यांच्या पुतणीच्या लग्नाला आम्ही तुमसरला गेलो, तर मांडवात बायका माझ्याकडे पाहून तोंडाला पदर लावत होत्या. एकीनं विचारलंच, "काहो, भिलाईले हॉटेल चालवता म्हणे?"

"चालवते," मी म्हटलं. "तीन ते चार."

दुपारी माझी थोरली जाऊ, म्हणजे भासऱ्यांची बायको, मला धान्याच्या खोलीत घेऊन गेली. पासष्टीची बाई, हाताला अजून हळदीचा पिवळा रंग. दार लोटून घेतलं आणि म्हणाली, "आमच्या घरचे सांगत होते. मले दाखव बरं, कसं असते ते."

माझ्या फोनवर आता तसलाच एक गेम आहे. पोत्यांवर बसून मी तिला शिकवलं. तिचं जाडं बोट पडद्यावर ठरेना. एका थाळीसाठी ती दुसऱ्याच टेबलाला हात लावायची आणि गिऱ्हाइकाला म्हणायची, "अरे थांब नं बापा, आणून राहिली!" बाहेरून भासऱ्यांची हाक आली, "अवं, कुठं गेली? पाहुण्यायले पाणी दे!"

तिनं मान वर केली नाही. "दुसऱ्या कोणाले सांगा!" ती ओरडली.

दोन मिनिटांत ती हरली. सगळी गिऱ्हाइकं निघून गेली. फोन माझ्यापुढे धरून ती म्हणाली, "आणखी एक डाव लावून दे."